खोक्यावरचे आकडे आणि भिंगाचे तोंड: दोन कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांची तुलना कशी करावी

कॅननच्या दोन कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांची माहितीपत्रके शेजारी शेजारी ठेवली, तर त्यांतून एकाची निवड करणे फार सोपे आहे असे पहिल्या वाचनात वाटते. पॉवरशॉट एसएक्स७४० एचएस हा २०१८ सालचा कॅमेरा, आणि पॉवरशॉट जी७ एक्स मार्क थ्री हा २०१९ सालचा. दोन्हींचे छायाचित्र सुमारे २ कोटी पिक्सेलचे, म्हणजे २० मेगापिक्सेलचे असते. बॅटरी आणि कार्डासह एकाचे वजन २९९ ग्रॅम भरते, तर दुसऱ्याचे ३०४ ग्रॅम. दोन्हींत बॅटरी एकाच प्रकारची बसते, दोन्हींवर ४के चित्रण होते आणि दोन्हींचा पडदा वर उचलून समोरच्या बाजूला वळवता येतो. नजरेत भरणारा फरक एकच: पहिल्याचे झूम ४० पट आहे आणि दुसऱ्याचे ४.२ पट. मग झूम जवळजवळ दसपट असलेला कॅमेरा कमी किमतीत मिळत असताना, त्याहून महाग असलेला दुसरा कोणी का घ्यावा?

या प्रश्नाचे उत्तर खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले नसते, पण ते लपवलेलेही नसते. ते भिंगाभोवतीच्या कड्यावर बारीक अक्षरांत कोरलेले असते. एसएक्स७४० च्या भिंगावर ‘४.३–१७२.० मिमी’ आणि ‘१:३.३–६.९’ असे आकडे आहेत. जी७ एक्स मार्क थ्रीच्या भिंगावर ‘८.८–३६.८ मिमी’ आणि ‘१:१.८–२.८’ असे आहेत. कॅमेरा विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण हे आकडे वाचतच नाहीत, कारण ते तज्ज्ञांसाठी असावेत असा समज असतो. वास्तविक शाळेतला साधा भागाकार येणाऱ्या कोणालाही त्यांतून कॅमेऱ्याचा स्वभाव कळू शकतो, आणि माझ्या मते दोन कॅमेऱ्यांची तुलना याच भागाकारापासून सुरू व्हायला हवी.

पहिल्या जोडीतले आकडे हे भिंगाचे नाभीय अंतर आहे. लहान आकडा म्हणजे झूम पूर्ण मागे घेतल्यावरचे, विस्तृत दृश्य टिपणारे टोक. मोठा आकडा म्हणजे दूरचे जवळ आणणारे टोक. दुसऱ्या जोडीतल्या, ‘१:’ नंतरच्या आकड्यांना एफ क्रमांक म्हणतात. एफ क्रमांक म्हणजे नाभीय अंतराला भिंगाच्या छिद्राच्या व्यासाने भागून आलेली संख्या. म्हणूनच उलट बाजूने गेलो, म्हणजे नाभीय अंतराला एफ क्रमांकाने भागले, की भिंगाचे तोंड प्रत्यक्षात किती उघडते हे मिलिमीटरमध्ये मिळते. एसएक्स७४० साठी विस्तृत टोकाला ४.३ भागिले ३.३ म्हणजे सुमारे १.३ मिलिमीटर. जी७ एक्स मार्क थ्रीसाठी ८.८ भागिले १.८ म्हणजे सुमारे ४.९ मिलिमीटर. दोन्ही कॅमेरे या टोकाला अगदी सारखेच दृश्य पाहत असतात, सारख्याच रुंदीची खोली, सारखाच जमाव. पण एक ते दृश्य जाड सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून पाहतो आणि दुसरा वाटाण्यापेक्षा थोड्याच लहान छिद्रातून. छिद्रातून येणारा प्रकाश त्याच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. त्यामुळे व्यासातला पावणेचारपटीचा फरक प्रकाशाच्या हिशेबात सुमारे १४ पट होतो. शटर दोन्हींत सारखाच वेळ उघडे राहिले, तर एका छायाचित्रासाठी जी७ एक्स मार्क थ्री एसएक्स७४० च्या सुमारे १४ पट प्रकाश गोळा करतो.

प्रकाश जास्त मिळाल्याने चित्र नुसते उजळ होते असे नाही, कारण उजळपणा कोणताही कॅमेरा विद्युत संकेत वाढवून आणू शकतो. खरा फरक स्वच्छतेचा असतो. प्रकाश सलग धारेने येत नाही, तो पावसाच्या थेंबांसारखा सुट्या कणांनी येतो, आणि हे कण अनियमितपणे पडतात. उघड्यावर ठेवलेल्या एखाद्या वाटीत ठराविक वेळात सरासरी १०० थेंब पडत असतील, तर एका वेळी ९२ पडतील, दुसऱ्या वेळी १०७. हा चढउतार साधारणपणे सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो, म्हणजे १०० थेंबांमागे १० चा, शेकडा १०. वाटीऐवजी परात ठेवली आणि तेवढ्याच वेळात १,४०० थेंब पडले, तर चढउतार सुमारे ३७ चा होतो, म्हणजे शेकडा तीनपेक्षाही कमी. कमी प्रकाशात काढलेल्या छायाचित्रात एकरंगी भिंतीवर किंवा माणसाच्या गालावर जे रवाळ ठिपके दिसतात, ज्यांना छायाचित्रकार नॉइज म्हणतात, ते मुख्यतः हेच. कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर ते ठिपके पुसण्याचा प्रयत्न करते, आणि पुसता पुसता केस, कापडाची वीण, झाडाची पाने असे बारीक तपशीलही त्यांच्याबरोबर पुसले जातात.

इथे वाचकाला रास्त शंका येईल की एवढे सगळे भिंगातून आलेला प्रकाश टिपणाऱ्या संवेदकाच्या, म्हणजे सेन्सरच्या आकारामुळे होते असे सर्वत्र सांगितले जाते, मग भिंगाच्या तोंडाची गोष्ट कशाला? दोन्ही गोष्टी एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. एसएक्स७४० चा सेन्सर सुमारे ६.१७ बाय ४.५५ मिलिमीटरचा आहे आणि जी७ एक्स मार्क थ्रीचा १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळात चारपटींहून थोडा मोठा. मोठ्या सेन्सरवर तेच दृश्य उतरवायचे तर नाभीय अंतर जास्त लागते, आणि नाभीय अंतर जास्त असले की त्याच एफ क्रमांकाला छिद्रही मोठे होते. पण सेन्सर मोठा आणि भिंग मंद, म्हणजे मोठ्या एफ क्रमांकाचे, अशीही जोडी असू शकते, आणि नुसता सेन्सरचा आकार पाहणारा तिथे फसतो. छिद्राचा व्यास काढला की सेन्सर आणि भिंग या दोन्हींचा हिशेब एकाच आकड्यात येतो, म्हणून मला तो अधिक भरवशाचा वाटतो. अट एकच आहे: तुलना सारख्याच रुंदीच्या दृश्यासाठी करायला हवी.

सेन्सरच्या आकाराची नावे मुळातच दिशाभूल करणारी आहेत, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सांगायला हवे. जी७ एक्स मार्क थ्रीच्या सेन्सरला ‘एक इंची’ म्हणतात, पण त्याची कोणतीही बाजू एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर नाही. त्याचा कर्णसुद्धा जेमतेम १५.९ मिलिमीटर आहे. हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांवरून आले आहे. त्या काळी नळीचा बाहेरचा व्यास सांगण्याची पद्धत होती, आणि एक इंची नळीतला चित्रासाठी वापरता येणारा भाग सुमारे १६ मिलिमीटर कर्णाचा असे. नळ्या गेल्या, पण मोजण्याची पद्धत तशीच राहिली. एसएक्स७४० च्या सेन्सरला याच पद्धतीने ‘१/२.३ इंची’ म्हणतात. अपूर्णांकाच्या खाली दशांश असलेला हा आकडा वाचून कोणाच्याही डोळ्यांसमोर काही आकार उभा राहत नाही, म्हणून तुलना करताना लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये शोधून क्षेत्रफळ काढावे.

माहितीपत्रकातली आणखी एक रीत माझ्या मते ग्राहकावर अन्याय करणारी आहे. एसएक्स७४० चे भिंग २४ ते ९६० मिलिमीटर आहे असे छापलेले असते, आणि त्याच ओळीत एफ/३.३ ते ६.९ असेही. यातला पहिला आकडा खरे नाभीय अंतर नाही. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावर तेवढेच दृश्य दिसण्यासाठी जे नाभीय अंतर लागले असते ते आहे. असा सममूल्य आकडा देणे उपयोगाचे आहे, कारण त्यामुळे वेगवेगळ्या सेन्सरांच्या कॅमेऱ्यांचे दृश्यकोन ताडून पाहता येतात. पण नाभीय अंतर सममूल्य करून दिले आणि एफ क्रमांक मात्र मूळचाच ठेवला, की ९६० मिलिमीटरचे अवजड दूरभिंग या खिशातल्या कॅमेऱ्यात आले आहे असा भास होतो. दोन्ही आकडे एकाच मापाने सांगायचे, तर एफ क्रमांकालाही सुमारे ५.६ ने गुणायला हवे, आणि मग एफ/३.३ चा एफ/१८ च्या पुढचा काहीतरी आकडा होतो. जी७ एक्स मार्क थ्रीसाठी हाच गुणक सुमारे २.७ आहे, त्यामुळे त्याचा एफ/१.८ सममूल्य मापात एफ/४.९ च्या आसपास येतो. ज्यांना भागाकारापेक्षा गुणाकार सोपा वाटतो त्यांनी हा मार्ग घ्यावा. निष्कर्ष तोच निघेल.

प्रत्यक्ष उपयोगात या फरकाचा अर्थ काय होतो, ते संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात खोलीत धावणाऱ्या मुलाच्या उदाहरणावरून पाहू. त्याचा चेहरा हलून पुसट होऊ नये म्हणून शटर सेकंदाच्या १२५ व्या भागापेक्षा जास्त वेळ उघडे ठेवता येणार नाही असे धरू. मिळालेला संकेत कॅमेरा किती वाढवतो ते सांगणाऱ्या आकड्याला आयएसओ म्हणतात. जी७ एक्स मार्क थ्री एफ/१.८ ला आयएसओ ८०० ठेवून हे छायाचित्र घेऊ शकला, तर त्याच क्षणी एसएक्स७४० ला एफ/३.३ वर आयएसओ सुमारे २,७०० लागेल, आणि तोही चौथाईपेक्षा लहान सेन्सरवर. आयएसओचा आकडा सारखा म्हणजे चित्राची स्वच्छता सारखी, असा समज इथे गळून पडतो. लहान सेन्सरवरचा आयएसओ ३,२०० आणि मोठ्या सेन्सरवरचा आयएसओ ३,२०० ही चित्रे उजळपणात सारखी असली तरी स्वच्छतेत सारखी नसतात. हात हलल्याचा परिणाम कमी करणारी स्थिरीकरणाची सोयही इथे उपयोगी पडत नाही. ती फक्त कॅमेऱ्याची थरथर सावरते. मुलाचे धावणे तिला थांबवता येत नाही. आपली बहुतेक छायाचित्रे घरात, सभागृहात, संध्याकाळी, माणसांची असतील, तर जी७ एक्स मार्क थ्रीच्या जास्त किमतीचे उत्तर इथेच मिळून जाते.

मात्र हाच भागाकार झूमच्या दुसऱ्या टोकाला केला, तर निकाल उलटा लागतो, आणि तेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगायला हवे. एसएक्स७४० साठी १७२ भागिले ६.९ म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर. जी७ एक्स मार्क थ्रीसाठी ३६.८ भागिले २.८ म्हणजे सुमारे १३ मिलिमीटर. दूरच्या टोकाला मोठे तोंड एसएक्स७४० चे आहे. समजा तळ्याच्या पलीकडच्या काठावर एक पक्षी बसला आहे. जी७ एक्स मार्क थ्रीचे झूम सममूल्य १०० मिलिमीटरला संपते. त्यापुढे चित्र कापून मोठे करावे लागते, आणि डिजिटल झूम म्हणजे नेमके हेच कापणे. १०० चे २०० करायला चित्राचा चौथा भाग ठेवायचा, म्हणजे २० मेगापिक्सेलचे ५ उरतात. ४०० ला जाईपर्यंत सव्वा मेगापिक्सेल उरतो. ९६० पर्यंत ताणले तर जेमतेम सव्वादोन लाख पिक्सेल हाती राहतात, आणि त्या चित्रातून पक्ष्याच्या पंखावरच्या खुणा सांगता येणार नाहीत. उघड्या रानात, दिवसाउजेडी, दूरचे पक्षी आणि प्राणी टिपणे हाच ज्याचा छंद आहे, त्याच्यासाठी ४० पट झूमचा कॅमेरा योग्य आहे, आणि कोणी त्याला मोठ्या सेन्सरच्या नावाखाली दुसरीकडे वळवू नये.

अर्थात ९६० मिलिमीटरला पूर्ण २० मेगापिक्सेल मिळतात असे मानणेही चूक ठरेल. छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते, म्हणजे तो किंचित पसरतो, आणि बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता छोटी चकती होते. तिचा व्यास प्रकाशाच्या तरंगलांबीवर आणि एफ क्रमांकावर अवलंबून असतो. हिरव्या प्रकाशासाठी एफ/६.९ ला तो सुमारे ९.३ मायक्रोमीटर येतो, आणि एसएक्स७४० चा एक पिक्सेल असतो अवघा १.२ मायक्रोमीटर रुंद. म्हणजे भिंग कितीही निर्दोष घडवले तरी एका बिंदूचा प्रकाश सुमारे आठ पिक्सेलांच्या रुंदीवर सांडतो. जी७ एक्स मार्क थ्रीच्या दूरच्या टोकाला, एफ/२.८ वर, ही चकती सुमारे ३.८ मायक्रोमीटरची होते आणि पिक्सेल २.४ मायक्रोमीटरचा असल्याने ती जेमतेम दीड पिक्सेल व्यापते. दोन्ही फाइलींत २ कोटी पिक्सेल असतात हे खरे, पण पहिलीतल्या पिक्सेलांमध्ये तेवढी माहिती नसते. एवढे लक्षात आले की मेगापिक्सेलच्या आकड्यावर अधिक वेळ घालवण्याची गरज राहत नाही. ४के पडद्यावर ८३ लाख पिक्सेल असतात, आणि आज विकल्या जाणाऱ्या कोणत्याही नावाजलेल्या कॉम्पॅक्टमध्ये त्याहून जास्तच असतात.

झूमच्या ‘पट’ या मापाविषयी एक छोटी सूचना. ४० पट म्हणजे ९६० भागिले २४, इतकाच त्याचा अर्थ आहे. वस्तू नुसत्या डोळ्यांना दिसते त्याच्या ४० पट मोठी दिसेल असा नाही. २४ पासून सुरू होणारे १० पट झूम २४० ला संपते आणि २८ पासून सुरू होणारे २८० ला. म्हणून पट न पाहता दोन्ही टोकांचे सममूल्य आकडे पाहावेत. घरातल्या गर्दीच्या चित्रांसाठी २४ आणि २८ मधला फरक बऱ्यापैकी जाणवतो, कारण भिंतीला पाठ टेकल्यावर आणखी मागे जाता येत नाही.

नवे मॉडेल जुन्यापेक्षा चांगलेच असणार, असे गृहीत धरणेही महागात पडू शकते. सोनीच्या आरएक्स१०० मालिकेतला २०१६ सालचा पाचवा कॅमेरा सममूल्य २४ ते ७० मिलिमीटर आणि एफ/१.८ ते २.८ भिंगाचा होता. २०१८ साली आलेल्या सहाव्यात झूम २०० मिलिमीटरपर्यंत वाढले, पण भिंग एफ/२.८ ते ४.५ झाले. सेन्सर दोन्हींत एक इंचीच होता. विस्तृत टोकाला पाचव्याचे तोंड ४.९ मिलिमीटर उघडते आणि सहाव्याचे ३.२, म्हणजे खोलीतल्या छायाचित्रासाठी जुन्याला नव्याच्या दुपटीहून जास्त प्रकाश मिळतो. प्रवासात एकच कॅमेरा नेणाऱ्याला सहावा सोयीचा, घरातली माणसे टिपणाऱ्याला पाचवा. क्रमांक मोठा असल्याने यात काही ठरत नाही. पॅनासॉनिकने २०२५ साली आणलेल्या लुमिक्स टीझेड९९ मध्ये यूएसबी-सी ची सोय आली, पण आधीच्या टीझेड९५ मध्ये असलेला डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर गेला. दोन मॉडेलांची तुलना करताना काय नवीन मिळाले याच्या शेजारी काय गेले तेही लिहून ठेवावे.

झूम मुळीच नसलेल्या कॅमेऱ्यांनाही याच मापाने तपासता येते. रिकोचा जीआर थ्री २५७ ग्रॅमचा आहे, त्याचे दृश्य सममूल्य २८ मिलिमीटरला कायमचे बांधलेले आहे, आणि एफ/२.८ हा आकडा एफ/१.८ पुढे फिका वाटतो. पण त्याचे नाभीय अंतर १८.३ मिलिमीटर असल्याने तोंड साडेसहा मिलिमीटर उघडते, जी७ एक्स मार्क थ्रीपेक्षाही मोठे. दुसऱ्या बाजूला हातातला फोनही याच तुलनेत घ्यायला हवा. मुख्य कॅमेऱ्याचे नाभीय अंतर सुमारे ७ मिलिमीटर आणि एफ क्रमांक १.८ असलेल्या फोनचे तोंड ३.९ मिलिमीटर होते, म्हणजे विस्तृत टोकाला एसएक्स७४० च्या तिप्पट रुंद. शिवाय फोन एकामागोमाग अनेक चित्रे घेऊन ती जुळवतो. म्हणून लहान सेन्सरचा कॉम्पॅक्ट झूमसाठी घेतला जात नसेल, तर माझ्या मते तो घेऊ नये.

आकड्यांत न मावणाऱ्या गोष्टींपैकी मी व्ह्यूफाइंडरला सर्वांत जास्त महत्त्व देतो. एसएक्स७४० आणि जी७ एक्स मार्क थ्री या दोन्हींत तो नाही. जी७ एक्स मार्क थ्रीमध्ये ही उणीव खपून जाते. पण ९६० मिलिमीटरला, भर उन्हात, हात लांब करून पडद्यावर पक्षी शोधणे अतिशय कठीण असते. कॅमेरा थोडा हलला की दृश्य पूर्ण निसटते, आणि उन्हात पडदा नीट दिसतही नाही. डोळ्याला लावलेला कॅमेरा कपाळाच्या आधाराने स्थिर होतो. जुना संकेत असा आहे की शटरचा वेग सममूल्य नाभीय अंतराच्या व्यस्ताएवढा तरी असावा, म्हणजे इथे सेकंदाचा सुमारे हजारावा भाग. स्थिरीकरणामुळे ही अट बरीच सैल होते, पण पक्षी फांदीवर मान हलवत असेल तर होत नाही. लांब झूमसाठीच कॅमेरा घेणाऱ्याने व्ह्यूफाइंडर असलेला प्रतिस्पर्धी आहे का, हे आधी शोधावे.

रॉ फाइलचा, म्हणजे सेन्सरने टिपलेली माहिती जवळपास जशीच्या तशी साठवणाऱ्या फाइलचा प्रश्न एका वाक्यात सुटतो: छायाचित्रावर नंतर संगणकावर काम करायचे असेल तर ती हवी, नसेल तर नको. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये ४,०९६. त्यामुळे काळवंडलेला चेहरा उजळताना रॉमध्ये तपशील टिकून राहतो. जी७ एक्स मार्क थ्री रॉ देतो, एसएक्स७४० देत नाही. बोलत बोलत चित्रण करणाऱ्याने बाहेरचा मायक्रोफोन जोडायची खाच पाहावी. तीही जी७ एक्स मार्क थ्रीलाच आहे. बॅटरीचे आकडे जपानमधल्या सीपा या संघटनेच्या ठरलेल्या पद्धतीने काढलेले असतात: ठराविक अंतराने एक चित्र, त्यांतल्या निम्म्या चित्रांना फ्लॅश. त्या आकड्यांवरून दोन कॅमेरे एकमेकांशी ताडता येतात, पण आपल्या वापरात चित्रे तेवढीच निघतील असे धरू नये. दोन्हींपैकी कोणताही घेतला तरी प्रवासासाठी दुसरी बॅटरी लागणारच.

एवढे झाल्यावर नमुन्याची छायाचित्रे पाहावीत, त्याआधी नव्हे. उत्पादकाने दाखवलेली चित्रे भरपूर उजेडात, सर्वांत कमी आयएसओला, निवडून काढलेली असतात, आणि अशा उजेडात कोणताही कॅमेरा चांगलाच दिसतो. तुलना करायची ती एकाच वस्तूची, एकाच प्रकाशात, दोन्ही कॅमेऱ्यांनी घेतलेली चित्रे एकाच आकारात लावून. दुकानात दोन्ही कॅमेरे हाताळता येत असतील, तर स्वतःचे मेमरी कार्ड न्यावे आणि दारापाशी उजेडात उभे न राहता आतल्या कोपऱ्यात जावे. एकाच माणसाला एकाच जागी उभे करून दोन्हींनी स्वयंचलित पद्धतीने चार-चार चित्रे घ्यावीत. मग भिंग हळूहळू पुढे सरकवत पडद्यावरचा एफ क्रमांक सममूल्य २४, ३५, ५०, ७० आणि १०० मिलिमीटरला किती होतो ते टिपावे. माहितीपत्रकात फक्त दोन टोके असतात. अनेक भिंगांचा एफ क्रमांक झूम थोडे पुढे नेताच झपाट्याने वाढतो, आणि माणसांची चित्रे तर नेमक्या याच मधल्या पट्ट्यात काढली जातात. चालू करण्याचे बटण दाबल्यापासून पहिले चित्र निघेपर्यंत किती वेळ जातो, अंधुक उजेडात फोकस किती वेळा पुढेमागे चाचपडतो, अंगठ्याला पकड मिळते का, हे सारे तिथेच दहा मिनिटांत कळते.

निवड झाली आणि कॅमेरा घरी आला, तरी एक तपासणी उरते, आणि ती परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी करायला हवी. एवढ्याशा जागेत सरकणाऱ्या अनेक भिंगांपैकी एखादे केसभर तिरके बसले, तर चित्राची एक बाजू कायमची पुसट येते. अशी प्रत एकाच मॉडेलच्या शंभर चांगल्या कॅमेऱ्यांतही निघू शकते. वर्तमानपत्राची पाने सपाट भिंतीवर चिकटवावीत, कॅमेरा तिवईवर किंवा स्टुलावर भिंतीला समांतर ठेवावा, दोन सेकंदांचा टायमर लावावा, आणि झूमच्या सुरुवातीला, मध्ये व शेवटी एकेक चित्र सर्वांत लहान एफ क्रमांकाला घ्यावे. संगणकावर चारही कोपऱ्यांतली अक्षरे मोठी करून पाहावीत. चारही कोपरे मध्यापेक्षा थोडे पुसट असतील तर ते भिंगाचे स्वाभाविक लक्षण आहे. तीन कोपऱ्यांतली अक्षरे वाचता येतात आणि चौथ्यातली येत नाहीत असे दिसले, तर कॅमेरा भिंतीला समांतर होता का याची खात्री करून चित्रे पुन्हा घ्यावीत. तोच कोपरा पुन्हा पुसट आला, तर ती छायाचित्रे घेऊन दुकानात जावे आणि त्याच मॉडेलची दुसरी प्रत मागावी.